एक्स्टेन्शन ट्यूब

कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. आत काच नसते, नुसती हवा. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की ती अधिक जवळच्या वस्तूवर फोकस होते आणि प्रतिमा मोठी उमटते. मॅक्रो लेन्सचा खर्च न झेपणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला ही नळी चांगलीच उपयोगी पडते.

नळीच्या लांबीला लेन्सच्या नाभीय अंतराने भागलं की वाढीव विशालन मिळतं. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची नळी अर्धपट भर घालते. नळी ५० मिमीची असेल तर एकास एक. तेव्हा सुमारे २२ मिमी व्यासाचं रुपयाचं नाणं फुल-फ्रेम सेन्सरची २४ मिमी उंची जवळजवळ भरून टाकतं. केन्कोच्या संचात १२, २० आणि ३६ मिमीच्या नळ्या येतात. त्या एकमेकींना जोडताही येतात.

एकास एकला प्रकाश मात्र दोन स्टॉपने घटतो. एफ/८ लाही स्पष्टतेची खोली जेमतेम १ मिमी उरते : मुंगीचा डोळा टिपला तर पाय धूसर. दूरचं दृश्य तर फोकसच होत नाही.

विद्युत संपर्क नसलेल्या स्वस्त नळ्या टाळाव्यात. त्यांवर अनेक आधुनिक लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. छिद्राची कडी असलेली जुनी लेन्स असेल तर त्याही चालतात.