चहा नको म्हणणे

आपल्या मंडळाच्या सभेला चहा करण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते, आणि मी स्वतः चहा पीत नाही. साखर बरोबर पडली की नाही हे पाहायला दुसऱ्या भगिनीला हाक मारावी लागते. त्यावरून थट्टा होते, ती मी ऐकून घेते. मला कोणा डॉक्टरने मनाई केलेली नाही, व्रत नाही, नवस नाही. चहा आवडत नाही, इतकेच. पण हे 'इतकेच' लोकांना पुरत नाही.

पूर्वी पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येई. चहा नंतरचा. पुण्यात तर १८९० साली चहाने केवढे वादळ उठवले होते! पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून शहरातील मोठमोठी मंडळी गेली, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. तेथे चहा पुढे आला. काहींनी तो घेतला, काहींनी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला, असे सांगतात. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हे प्रकरण चव्हाट्यावर आणले आणि 'पुणे वैभव' पत्रात नावे छापून आली. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. अखेर रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणींच्या पुस्तकात ही हकीकत आहे. बायकांनी ते पुस्तक जरूर वाचावे. मला नवल वाटते ते हे की, इतक्या गदारोळात चहा चवीला कसा होता हे कोणी विचारले नसेल. प्रश्न कोणाच्या हातचा, एवढाच.

पुढे वारे फिरले. १९०३ साली सरकारने परदेशी जाणाऱ्या चहावर कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रसार चालवला. शहरांतून, जत्रांतून, रेल्वेच्या स्टेशनांवर चहा करून दाखवीत, फुकट पाजीत. आता नको म्हणणाराच वेगळा दिसू लागला. १९४२ साली महात्मा गांधी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, तेथे त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. चहाची शरीराला गरज नाही, गरम पाण्यात थोडे दूध व साखर घातली तरी तेच काम होते, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींचे नाव घेऊन चहा नाकारता येत होता. धर्माच्या नावानेही येत होता. फक्त स्वतःच्या जिभेच्या नावाने येत नव्हता!

मीही लग्न होऊन मुठ्यात आले तेव्हा 'पित्त होते' असे सांगून सुटका करून घेतली. नवी सून, 'आवडत नाही' कसे म्हणणार? ते खोटे वीस वर्षे चालले.

मग एकदा बचत गटाच्या कामासाठी आम्ही चौघी बौद्ध वस्तीत गेलो. घरच्या बाईंनी चहा आणला. मी सवयीने म्हटले, "मला नको ताई, पित्त होतं." त्यांचा हात थबकला. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या आजीलाबी असंच सांगायची लोकं."

मी गप्पच झाले. चहाच्या दुकानांतून दलितांसाठी कपबशी निराळी ठेवीत, ही फार जुनी गोष्ट नाही. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरला, तरी सबबी राहिल्याच : आताच घेतला, उपास आहे, पित्त होते. माझी सबब मी स्वतः शोधली असे मला वाटत होते. ती किती जणांनी वापरून झिजवलेली होती!

मी कप उचलला आणि सगळा प्यायले. प्यायले म्हणजे औषध घ्यावे तसा घोट घोट गिळला. माझे तोंड पाहून त्या हसूच लागल्या. म्हणाल्या, "अगं बाई, खरंच आवडत नाही की तुम्हाला!" आजवर ते ओळखणाऱ्या त्याच पहिल्या. मी म्हटले, "नाही आवडत. पित्तबित्त काही नाही." बरोबरच्या तिघी माझ्याकडे पाहतच राहिल्या. घरी येताना एकीने फुरंगटून विचारले, "मग आमच्याकडं इतकी वर्षं का खोटं सांगितलंस?" तिला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही.

त्या ताईंच्या घरी आता माझ्यापुढे न विचारता तांदळाची पेज येते. मीठ त्या जरा जास्त घालतात.