एक पोरोनकुसेमा मागे

तुमच्या नाकातले केस गोठलेत. पुण्यात कुणी असं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात. इथे दर श्वासाला नाकपुडीत बारीक काटे टोचतात आणि तुम्ही मुकाट्याने मफलर वर ओढता. पारा उणे २२ वर. सकाळचे साडेदहा वाजलेत, सूर्य उगवायला अजून अर्धा-पाऊण तास आहे आणि उगवला तरी जेमतेम दोन-सव्वादोन तास राहणार आहे. फिनलंडच्या लॅपलँड प्रांतातलं रोव्हानिएमी, डिसेंबरचा तिसरा आठवडा.

लेक सात वर्षांची. तिला थंडी वाजत नाही, कारण आज सांता भेटणार आहे. तुमची आई भाड्याने घेतलेल्या अंतराळवीरी पोशाखात शिरली आहे. 'मला आता बसता येत नाही आणि पडले तर उठता येणार नाही,' असं तिने हॉटेलातच जाहीर केलंय. तिच्या पर्समध्ये दशम्या आहेत. त्या दुपारी बाहेर निघतील तेव्हा पापडासारख्या मोडतील, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

गावापासून सांताचं खेडं ८ किलोमीटरवर. फिनिश लोकांकडे या अंतरासाठी फार सुंदर शब्द आहे: पोरोनकुसेमा. गाडीला जुंपलेल्या रेनडिअरला पळता पळता लघवी करता येत नाही; तो एकदा थांबल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत जेवढा जातो तेवढं अंतर, साधारण साडेसात किलोमीटर. आपल्याकडे कोस होता, हाकेचं अंतर होतं, पण जनावराच्या अडचणीची इतकी कदर कुणी केली नाही. लेकीला शब्दाचा अर्थ सांगता आणि पश्चात्ताप होतो, कारण पुढचा सगळा रस्ता बसमध्ये ती तोच शब्द मोठमोठ्याने म्हणत राहते.

बसच्या खिडकीबाहेर सगळं निळं आहे. बर्फ निळा, सूचिपर्णी झाडं काळपट निळी, आणि आग्नेयेला क्षितिजावर गुलाबी पट्टा, जो वर यायचं नावच घेत नाही. आई काच पुसून बघते. 'टिळकांनी लिहिलंय ना हे,' ती म्हणते. शाळेत शिक्षिका होती ती, विसरत नाही. लोकमान्यांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ १९०३ साली निघाला. ऋग्वेदात उषेची सूक्तं एवढी का, आणि उषा अनेकवचनी का, या प्रश्नांवरून पुण्यातला हा माणूस थेट उत्तर ध्रुवाकडे पोचला: अशी लांबलेली पहाट ज्यांनी पाहिली त्यांचंच हे काव्य असणार. त्यांचा निष्कर्ष आज अभ्यासक मानत नाहीत. पण या पहाटेकडे बघत बसलं की त्यांना तो प्रश्न का पडला असेल ते कळतं.

खेड्यात उतरता. दिवे, लाकडी छपरं, कुठूनतरी धुराचा आणि भाजलेल्या सामन माशाचा वास. पायाखाली बर्फ कर्र कर्र वाजतो. आणि चौकात ती रेषा: नापापीरी, आर्क्टिक वृत्त. लेक ती चौदा वेळा ओलांडते.

एक गोष्ट तिला सांगू नका. आर्क्टिक वृत्त जागेवर राहत नाही. पृथ्वीचा कल किंचित बदलत असतो, त्यामुळे ते दरवर्षी सुमारे साडेचौदा मीटर उत्तरेला सरकतं. रंगवलेली रेषा मात्र आहे तिथेच आहे. म्हणजे तुमचा बूट आत्ता ज्या रेषेवर आहे ती आजची नव्हे, कुठल्यातरी सरून गेलेल्या वर्षाची आहे. सांताची रांग लांब आहे. तेवढ्यात मागे जाऊन येऊ.

डोळे मिटा, उघडा. ११ जून १९५०.

आधी उजेड डोळ्यांत घुसतो. महिनाभर सूर्य मावळणारच नाहीये. बर्फ नाही, दिवे नाहीत, दुकानं नाहीत. रस्ता, जंगल आणि डास. तुम्ही जाकिटाची चेन खाली ओढता. समोर एक नवीकोरी ओंडक्यांची झोपडी. ओंडक्यांना हात लावून बघा, चीक बोटांना चिकटतो. पाहुणी येणार असं ऐनवेळी कळलं, तिला आर्क्टिक वृत्त बघायचंय असंही कळलं, आणि इथे तर बघण्यासारखं काहीच नव्हतं. मग गावाने घाईघाईने हे उभं केलं. लग्नघरी वऱ्हाड वेशीवर आल्यावर मांडवाचा शेवटचा खांब रोवतात, तसा प्रकार.

गाड्या थांबतात. उतरते ती उंच, साधीशी बाई एलेनॉर रूझवेल्ट. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झालीत. आता ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाचं काम बघते. झोपडीत जाऊन ती पत्र लिहायला बसते, वॉशिंग्टनला, अध्यक्ष ट्रुमन यांना. तिच्या खांद्यावरून वाचायचा मोह आवरा. नंतर लोक सांगतील की आर्क्टिक वृत्तावरून टपालात पडलेलं हे पहिलं पत्र.

पण अमेरिकेच्या माजी अध्यक्षांची बायको या डासांत कशाला आली? रस्त्याने खाली, गावाकडे चला. एक पोरोनकुसेमा आणि आणखी सहा वर्षं मागे.

१९४४चा ऑक्टोबर. वास आधी येतो, ओल्या राखेचा. गाव दिसत नाही, धुराडी दिसतात. घरं लाकडाची होती, ती गेली. विटांची धुराडी तेवढी ओळीने उभी राहिली, आणि त्यांच्यामधून तुम्ही गल्ल्या ओळखायचा प्रयत्न करता. इथे पायरी होती. हा पत्रा म्हणजे कुणाच्या तरी शेगडीचं दार. लोखंडी पलंगाचा सांगाडा उष्णतेने कमरेत वाकलाय. कुणाचा आवाज नाही, कारण माणसं आधीच हलवलीत. लॅपलँडमधून सुमारे एक लाख लोक निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त सरहद्द ओलांडून स्वीडनमध्ये. कित्येक जण गाई हाकत चालत गेले. आईने १९६१चा पानशेतचा पूर लहानपणी पाहिलाय. इथे ती तुमच्यासोबत असती तर तिने काही विचारलं नसतं, फक्त पदर तोंडाला लावला असता.

हे केलं कुणी, तर कालच्या मित्रांनी. फिनलंड आणि जर्मनी रशियाविरुद्ध एका बाजूने लढत होते. सप्टेंबरात फिनलंडने रशियाशी तह केला आणि जर्मन फौजांना देशाबाहेर काढायचं कबूल केलं. त्या फौजा नॉर्वेकडे माघार घेताना मागे काही ठेवायचं नाही असं ठरवून गेल्या: पूल, रस्ते, घरं, सगळं. रोव्हानिएमीच्या स्टेशनात दारूगोळ्याची गाडी उडाली. गावातल्या दहापैकी नऊ इमारती गेल्या. बुटाची वाट सोडू नका, कडेला सुरुंग आहेत. ते पुढे कित्येक वर्षं माणसं मारत राहिले.

परतलेल्यांसाठी आल्व्हार आल्टो या वास्तुशास्त्रज्ञाने १९४५ साली नवा आराखडा काढला. वरून बघितलं तर रेनडिअरचं डोकं: रस्ते म्हणजे शिंगं, खेळाचं मैदान म्हणजे डोळा. रूझवेल्टबाई आल्या त्या हेच बघायला, राखेतून गाव उठतंय का ते. म्हणजे सांताच्या खेड्यातली सगळ्यात जुनी वास्तू सांतासाठी बांधलेली नाहीच. ती युद्धात जळालेल्या गावाने पाहुणीसाठी बांधलेली आहे. हे तिकडच्या झगमगाटात कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि सांता? त्यासाठी १९२७चा रेडिओ लावा. मार्कुस राउतिओ, मुलांचा 'मार्कुसकाका', कार्यक्रमात सांगून टाकतो की सांताचं घर सापडलंय: कोर्वातुन्तुरी, पूर्वेच्या सरहद्दीवरची कानाच्या आकाराची टेकडी. कान असल्यामुळे जगातल्या सगळ्या मुलांचं त्याला ऐकू येतं. युक्तिवाद बिनतोड. अडचण एवढीच की टेकडी आडरानात, अर्धी सोव्हिएत हद्दीत. तिथे पोरांना नेणार कसं? मग घर तिकडे, ऑफिस इकडे. १९८४च्या नाताळात लंडनहून कॉन्कॉर्ड विमान इथे उतरलं आणि १९८५ साली हे खेडं उघडलं.

अजून मागे जायची हौस असेल तर दार वाजेल तेव्हा दचकू नका. सांताला फिनिश भाषेत योउलुपुक्की म्हणतात, त्याचा अर्थ नाताळचा बोकड. जुन्या काळी पुरुष केसाळ कातडं उलटं पांघरून, शिंगं लावून दारोदार फिरायचे. उरलंसुरलं खायला आणि दारू मागायचे, नाही दिली तर दंगा. भेटवस्तू वगैरे द्यायची भानगड नव्हती. शिमग्याची सोंगं पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

'सरका पुढे,' आई पाठीत बोट खुपसते. रांग हलली आहे.

लाकडी जिना, उबदार अंधार, मग तो. दाढी खरी वाटते. हिंदुस्तानातून आलात म्हटल्यावर नमस्ते म्हणतो. लेकीने तीन महिने पाठ केलेली यादी तिला आठवत नाही. ती थोडा वेळ त्याच्या बुटांकडे बघते आणि मग एकच शब्द म्हणते: 'पोरोनकुसेमा.' सांता हसतो, पोट धरून, हा नेहमीचा हो-हो नाही. दीड मिनिटात तुम्ही बाहेर. आत जायला पैसे पडत नाहीत, फोटोला पडतात, आणि तुमच्या फोनने फोटो काढू देत नाहीत. दर ऐकून तोंड कडू होतं. तरी घ्या. हा बाजार आहे यात शंका नाही. पण राखेवर पोट भरत नव्हतं आणि थंडी व काळोख एवढंच भांडवल होतं. त्याचं या लोकांनी जे केलं ते मला तरी लबाडीचं वाटत नाही.

बाहेर दीड वाजलाय, सूर्य येऊन गेला. पोस्टाच्या शेजारी ती झोपडी आहे, थोडी वाढवलेली, दिव्यांच्या माळा लावलेली. हातमोजा काढून ओंडक्याला हात लावा. चीक कधीच वाळलाय, लाकूड गार.

पोस्टात लाल टोपीवाली मुलगी शिक्के मारतेय. आई मिरजेला तिच्या बहिणीला कार्ड लिहिते, ढोपरावर ठेवून, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात. फोन आहे, दोघी रोज बोलतात, तरी लिहिते. पेट्या दोन आहेत. एकीतलं टपाल लगेच निघतं. लाल पेटीतलं वर्षभर थांबून पुढच्या नाताळाच्या सुमारास पोचतं. आई दोन्ही पेट्यांकडे बघते आणि कार्ड लाल पेटीत टाकते. मावशी ७९ वर्षांची आहे.

तुम्ही गेलात तर लाल पेटीतच टाका, आणि पत्त्यावर पिन कोड नीट लिहा.