तलवारीआधी रंगमंच : चिनी ‘वूश्या’ चित्रपटांची गोष्ट (धागा)

१९३१ साली नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने एका अख्ख्या चित्रपटप्रकारावर बंदी घातली. हे चित्रपट सरकारविरोधी प्रचार करीत नव्हते, अश्लीलही नव्हते. त्यांत माणसे छपरांवरून उडत, तळहातातून वीज सोडत, आणि तलवारी आपोआप आकाशात जाऊन एकमेकींशी लढत. एवढ्याचे सरकारला भय का वाटावे?

आज जगभर ज्यांना चिनी मार्शल आर्ट्सचे चित्रपट म्हणून ओळखतात, त्यांची कथा या बंदीपाशी सुरू होते. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम एक शब्द समजून घेऊ : ‘वूश्या’. ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या. ‘श्या’ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. दिल्या शब्दाला जागणारा, दुर्बलासाठी तलवार उचलणारा, कोणाचाही चाकर नसलेला भटका वीर, असा काहीसा त्याचा अर्थ. यातला शेवटचा गुण सत्ताधाऱ्यांना नेहमीच खुपत आला. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात हान फेई या राजनीतिज्ञाने अशा वीरांना राज्य पोखरणाऱ्या किड्यांमध्ये गणले, कारण ते शस्त्राच्या बळावर कायदा मोडतात. त्यानंतर शतक-दीड शतकाने इतिहासकार सिमा च्येन याने मात्र आपल्या महाग्रंथात याच लोकांसाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले. म्हणजे १९३१ची बंदी हा दोन हजार वर्षे जुन्या भांडणाचाच नवा अंक होता.

आता शांघायकडे वळू. १९२८ साली मिंगशिंग कंपनीने ‘लाल कमळ मंदिराचे दहन’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक झांग शिच्वान. तो इतका चालला की तीन वर्षांत त्याचे अठरा भाग निघाले आणि इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. बंदी येईपर्यंत या जातीचे दोनशेहून अधिक चित्रपट झाले होते. लेखक माओ दुन यांनी पुढे एका लेखात या प्रेक्षकांचे वर्णन केले आहे : पडद्यावर उडत्या तलवारी भिडल्या की थिएटरात आरडाओरडा आणि टाळ्या थांबत नसत. माओ दुन यांना हे अजिबात आवडले नव्हते. गोरगरिबांना खऱ्या लढ्यापासून दूर नेणारी ही गुंगी आहे, असे त्यांचे मत. गंमत म्हणजे डाव्या लेखकाला जे नको होते तेच उजव्या सरकारलाही नको होते. सरकारचे म्हणणे, हे चित्रपट अंधश्रद्धा आणि अराजक पसरवतात.

त्या अठरा भागांपैकी एकही आज उपलब्ध नाही.

बंदीमुळे चित्रपट थांबले, तरी त्या चित्रपटांमागची विद्या कागदावर किंवा फितीवर नव्हती. ती माणसांच्या शरीरांत होती. ती शरीरे घडली होती चिनी संगीतनाटकात, ज्याला आपण ‘बीजिंग ऑपेरा’ म्हणतो. या पुढचा सगळा इतिहास त्या शरीरांच्या स्थलांतराचा आहे, असे मला वाटते.

बीजिंग ऑपेराविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सारी किल्ली तिथे आहे. या रंगमंचावर नेपथ्य जवळजवळ नसते. एक मेज, दोन खुर्च्या. हातात चाबूक घेतला की नट घोड्यावर बसला असे समजायचे. युद्धप्रसंग कोलांट्या, उड्या आणि शस्त्रांच्या फेकाफेकीतून, ढोल-झांजांच्या अचूक ठेक्यावर उभा राहतो. ऐन भरात नट एकाएकी थिजतो, ठोका पडतो, आणि क्षणभर तो शिल्पासारखा दिसतो. या थांब्याला स्वतंत्र नाव आहे : ‘ल्यांगश्यांग’. लढणाऱ्या स्त्रीची भूमिकाही तिथे वेगळी शाखा म्हणून शिकवली जाते.

‘सान चा कौ’ म्हणजे ‘तिठा’ नावाचे एक प्रसिद्ध नाट्य आहे. रात्री एका सरायीत दोन पुरुष गैरसमजातून एकमेकांशी लढतात. खोलीत काळोख आहे. पण रंगमंच पूर्ण उजळलेला असतो! दोघांना एकमेक दिसत नाहीत, आपल्याला दोघेही दिसतात. तलवार नाकाजवळून जाते, हात चाचपडत जातो, बोटभर अंतराने चुकतो. प्रेक्षक श्वास रोखतो आणि हसतोही. सराय, संशय, आणि न लागलेला वार, या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली. त्या उलथापालथीच्या काळात शांघायचे निर्माते, नट, नाट्यगुरू मोठ्या संख्येने हाँगकाँगला आले. तिथे स्थानिक कँटनी नाट्यपरंपरा होतीच. त्याच वर्षी कँटनी ऑपेराचा नट क्वान टाक-हिंग याने वोंग फेई-हुंग ही भूमिका प्रथम साकारली. वोंग हा फोशान गावचा खराखुरा वैद्य आणि युद्धकलेचा गुरू, एकोणिसाव्या शतकात जन्मलेला. क्वानने त्याची भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली. एकट्या १९५६ साली या मालिकेचे पंचवीस चित्रपट आले. दर्जाबद्दल फार बोलायला नको.

उत्तरेकडच्या ऑपेराचे हाल मात्र वेगळे होते. यू जिम-युएन या गुरूने हाँगकाँगमध्ये मुलांसाठी निवासी नाट्यशाळा चालवली. पालक करारावर सही करून मूल गुरूच्या स्वाधीन करीत. पहाटेपासून कसरत, तासन्‌तास हातांवर उभे राहणे, चुकले की छडी, आणि मुलांची कमाई गुरूची. या शाळेतून जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन ब्याओ बाहेर पडले हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू : ही मुले तयार झाली तेव्हा त्यांची नाटके पाहायला प्रेक्षकच उरला नव्हता. दहा-दहा वर्षे मार खाऊन शिकलेली कला विकायची कुठे? चित्रपटांच्या स्टुडिओत, रोजंदारीवर, उंचावरून पडण्यासाठी. ज्या कोलांट्यांवर आपण टाळ्या वाजवतो त्यांच्यामागे एका मरत्या रंगभूमीची बेकारी आहे.

आता किंग हू. या धाग्याचा नायक तोच.

जन्म १९३२, बीजिंग. वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास हाँगकाँगला आला आणि परतीची वाट बंद झाली. नेपथ्याची कामे केली, नट झाला, मग शॉ ब्रदर्समध्ये दिग्दर्शक. हे शॉ कुटुंबही मूळचे शांघायच्या चित्रधंद्यातले. रन रन शॉ यांनी हाँगकाँगच्या क्लियरवॉटर बे भागात भव्य स्टुडिओ उभारला होता. किंग हूला स्वतःला कुंग-फू येत नव्हते, आणि तो हे मोकळेपणाने सांगे. त्याच्या दृष्टीने लढाई हा नृत्याचा प्रकार होता. बीजिंगमध्ये लहानपणी पाहिलेली नाटके त्याच्या डोक्यात होती, आणि ती शरीरात उतरवायला त्याच्यापाशी हान यिंगज्ये होता, ऑपेरात तयार झालेला लढतींचा दिग्दर्शक.

१९६६ साली ‘कम ड्रिंक विथ मी’ आला. नायिका चेंग पेई-पेई, शांघायमध्ये बॅले शिकलेली, जेमतेम विशीची. पुरुषवेषात ती एका सरायीत येऊन बसते. अपहृत भावाला सोडवायला ती आली आहे. भोवतीच्या मेजांवर दरोडेखोर आहेत, हे तिला ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक असल्याचे त्यांनाही ठाऊक आहे. बराच वेळ काहीच घडत नाही. मग नाणी, बाकडी, मद्याचे रांजण हवेत येतात. ती जागेवरून फारशी हलतही नाही. हा प्रसंग मी किती वेळा पाहिला त्याची गणती नाही, आणि दर वेळी लक्ष जाते ते तिच्या नजरेकडे. आधी नजर, मग थांबा, मग एकच हालचाल, पुन्हा थांबा. पार्श्वभूमीला ढोल आणि लाकडी टिपरीचा ठेका. ‘तिठ्या’वरची ती सरायच जणू पडद्यावर आली आहे!

आता तारखेकडे पाहा. १९६६ हेच चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्याचे वर्ष. राजे, सेनापती, विदुषी यांची जुनी नाटके ‘सरंजामी’ ठरून रंगमंचावरून हटवली गेली, त्यांची जागा क्रांतिकारी ‘आदर्श’ नाटकांनी घेतली, कित्येक कलावंतांचा छळ झाला. बीजिंगमध्ये जे करणे गुन्हा ठरत होते तेच हाँगकाँगच्या एका स्टुडिओत, ईस्टमनकलरमध्ये, तिकीट लावून दाखवले जात होते.

त्यानंतर किंग हू शॉ ब्रदर्स सोडून तैवानला गेला आणि १९६७ साली ‘ड्रॅगन इन’ आला. काळ १४५७, मिंग राजवट. यू च्येन या निष्ठावंत मंत्र्याला देहदंड दिला गेला आहे (ही घटना ऐतिहासिक आहे) आणि त्याच्या मुलांना संपवायला ‘पूर्व कार्यालया’चे मारेकरी सरहद्दीवरच्या एका सरायीत दबा धरून बसतात. पूर्व कार्यालय हेही काल्पनिक नव्हे. ते १४२० साली स्थापन झालेले, खोजांच्या हाती असलेले गुप्तपोलीस खाते. कोणालाही उचलावे, छळावे, मारावे. किंग हू मिंग काळाचा व्यासंगी होता. जेम्स बाँडच्या त्या दिवसांत गुप्तहेरांना नायक बनवणे त्याला खटकत असे. गुप्तपोलीस म्हणजे काय ते त्याला दाखवायचे होते. त्या वेळी तैवानमध्येही लष्करी कायदा लागू होता, हे विसरून चालणार नाही. ‘श्या’ आणि सत्ता यांचे ते जुने भांडण इथे पुन्हा उभे राहते. चित्रपट तुफान चालला.

मग आला ‘अ टच ऑफ झेन’. सतराव्या शतकात जन्मलेला कथाकार पू सोंगलिंग याच्या एका छोट्या कथेवरून, तीन तासांहून लांब. जवळपास पहिला तासभर लढाईच नाही! एक गरीब चित्रकार, एक पडका किल्ला, शेजारी राहायला आलेली गूढ तरुणी. निर्माते बिथरले, चित्रपट दोन तुकड्यांत प्रदर्शित झाला आणि आपटला.

त्यातली बांबूच्या वनातली लढत सुमारे दहा मिनिटांची. तिच्या चित्रीकरणाला पंचवीस दिवस लागले असे सांगतात. यांग ही नायिका बांबूच्या शेंड्यावरून तलवार रोखून खाली झेपावते. ती झेप प्रत्यक्षात कोणी घेतलेली नाही. ती आपण पाहिली असे आपल्याला वाटते. लपवलेल्या झोळ्यांवरून उडी मारणारे नट, निघताना पाय, मध्ये पाने आणि ऊन, खाली वर पाहणारा चेहरा, असे तुकडे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. किंग हूचे काही तुकडे आठ-दहा चौकटींचेही नाहीत. डोळ्याला कळते की काहीतरी गेले, काय गेले ते पुरते कळत नाही. माणूस खरेच उडत असता तर सामान्य डोळ्याला तो इतपतच दिसला असता. मूकपटांनी उडणारा माणूस दाखवला होता. किंग हूने तो निसटू दिला. माझ्या मते या कलेतली सर्वांत मोठी झेप हीच.

१९७५ साली कान महोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक उत्कृष्टतेचा मोठा पुरस्कार मिळाला.

याच्या अगदी उलट टोकाला लाउ कार-लियुंग. त्याचे वडील लाउ चाम हे लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम हा खुद्द वोंग फेई-हुंगचा शिष्य. त्यामुळे त्याला खरी विद्या दाखवायची होती : लांब दृश्ये, पूर्ण शरीर, वार आणि प्रतिवार स्पष्ट. ‘शाओलिनचे ३६वे दालन’ (१९७८) यात तर बहुतांश वेळ केवळ प्रशिक्षण आहे, आणि तेच सर्वांत रोमांचक आहे. दोन पंथांपैकी थोर कोणता, यावर वाद घालणारे घालोत. मला दोन्ही हवेत.

आणि ब्रूस ली? त्याच्यावर स्वतंत्र धागा लागेल. एवढेच नोंदवतो की त्याचे वडील कँटनी ऑपेराचे नट होते, आणि ‘द बिग बॉस’ (१९७१) मधला खलनायक म्हणजे आपला हान यिंगज्ये. बांबूवनातली ती नायिका, शू फेंग, पुढे निर्माती झाली. तिने काढलेला चित्रपट ‘फेअरवेल माय काँक्युबाइन’ (१९९३), कानचा सर्वोच्च मान मिळवणारा. विषय? बीजिंग ऑपेराच्या दोन नटांचे आयुष्य, छडीच्या मारापासून सांस्कृतिक क्रांतीच्या छळापर्यंत.

किंग हू १९९७ साली तैपेईत वारला. २००० साली ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने जग जिंकले. त्यात बांबूवर तरंगणारी लढत होती, आणि वृद्ध खलनायिका होती चेंग पेई-पेई.

पण शेवटी एका वेगळ्याच चित्रपटाकडे लक्ष वेधतो. २००३ साली त्साय मिंग-ल्यांगने ‘गुडबाय, ड्रॅगन इन’ काढला. पाऊस पडतो आहे, एक जुने थिएटर बंद होणार आहे, शेवटचा खेळ ‘ड्रॅगन इन’चा. हजारभर खुर्च्यांत मोजकी माणसे. त्यांतले दोन वृद्ध म्हणजे शी च्युन आणि मियाओ तियेन, ३६ वर्षांपूर्वीच्या त्याच चित्रपटातला नायक आणि त्याला मारायला आलेला अधिकारी. पडद्यावर दोघे तरुण आहेत, तलवारी घेऊन. शी च्युनच्या डोळ्यांत पाणी आहे. मियाओ तियेनने सोबत एका लहान मुलाला आणले आहे. खेळ संपल्यावर दोघे बाहेर भेटतात, चार शब्द बोलतात, आता सिनेमाला कोणी येत नाही म्हणतात, आणि पाऊस थांबायची वाट पाहत उभे राहतात.