पितळी पुंगळ्या चकाचक करणारे रील्स: चमक सोडा, खरं काम वेगळंच आहे

हे रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. काळ्याकुट्ट पडलेल्या पितळी पुंगळ्या एका ड्रममध्ये टाकतात, ड्रम गरागरा फिरतो आणि शेवटी सोन्यासारख्या चमकणाऱ्या पुंगळ्या खळखळ करत चाळणीत पडतात. आवाज ऐकायलाही भारी वाटतं. मला आधी वाटायचं, दिवाळीला आई समई घासते तसलाच हा प्रकार. पण कामानिमित्त टेक्सासमध्ये असताना एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये हे सगळं जवळून पाहिलं, आणि कळलं की चमक हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच. ‘घटनास्थळी दोन पुंगळ्या सापडल्या’ असं बातमीत वाचतो ना, तीच. काडतुसात चार गोष्टी असतात: पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर पुन्हा वापरता येते ती फक्त पुंगळी. अमेरिकेत निशाणेबाजीचा छंद असलेले बरेच लोक पुंगळ्या जमवून घरीच पुन्हा काडतुसं भरतात. यालाच रिलोडिंग म्हणतात. स्वतःपुरतं करायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचा धंदा करायचा तर लागतो.

आपल्याकडे मात्र गोष्ट पूर्ण वेगळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे रील बघून ‘ट्राय करू या’ हा विषयच नाही, आणि कुठे सापडलेली पुंगळी आठवण म्हणून बॅगेत टाकून विमानतळावर जाणं तर अजिबात नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आणखी एक. तिथल्या केंद्रीय कायद्यात रिकामी पुंगळीही ‘अ‍ॅम्युनिशन’मध्येच मोडते, आणि तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना काही अपवाद सोडले तर ती बाळगायला मनाई आहे. मी वर्क व्हिसावर होतो. सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं, ‘बघ हवं तेवढं, हात लावू नकोस.’ त्यामुळे पुढचं सगळं मी खिशात हात घालून पाहिलेलं आहे!

पितळ इथे नेमकं काय करतं?

हे पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं. बार उडतो तेव्हा ‘.२२३ रेमिंग्टन’सारख्या रायफलच्या काडतुसात ५५,००० पीएसआयपर्यंत दाब तयार होतो. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ भरतो, त्यावरून अंदाज करा. या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गरम वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती थोडी आत येते, पण पूर्ण मूळ मापावर येत नाही. म्हणून पुन्हा वापरायच्या आधी तिला पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मापावर आणावं लागतं.

साफसफाई या डायसाठीच असते. पुंगळीला वाळूचा एक कण चिकटलेला असला तरी डायच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा उठतो आणि मग पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तीच रेघ उमटत राहते. दुसरं कारण, स्वच्छ पितळावर चीर दिसते. वारंवार वापरलेली पुंगळी बुडाच्या थोडी वर आतून पातळ होत जाते आणि बाहेर बारीक चमकदार कडं दिसू लागतं. सहकारी टोक वाकवलेली पेपर क्लिप आत घालून तिथे खाच लागते का ते चाचपायचा. लागली की ती पुंगळी थेट भंगारात. काजळीखाली ते कडं दिसलंच नसतं.

कोरडं की ओलं?

कोरड्या पद्धतीत थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा भरतात. अक्रोड घासतो, मका चमकवतो. दोन-चार तास लागतात. ओल्या पद्धतीत, म्हणजे रीलमधल्या ड्रममध्ये, पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड (आपण ढोकळ्यात घालतो तेच लिंबूसत्त्व) आणि स्टीलच्या तारेचे बारीक तुकडे असतात. आधी जुना प्रायमर काढून टाकला तर त्याची खाचही साफ होते. अ‍ॅसिड जास्त पडलं किंवा वेळ जास्त झाला की पितळातलं जस्त निघून जाऊ लागतं आणि पुंगळी गुलाबी दिसायला लागते. लोकांना वाटतं मस्त रंग आला. खरं तर धातू खराब होतोय. धुतल्यावर आतला थेंब न् थेंब वाळवावा लागतो, कारण ओल दारू आणि प्रायमर दोन्ही निकामी करू शकते.

रीलमध्ये जे कधीच दिसत नाही ते म्हणजे शिसं. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि बार उडाल्यावर त्याचा अंश पुंगळीत राहतो. कोरड्या भुग्यात तो धूळ होऊन मिसळतो, आणि झाकण उघडून भुगा चाळताना तीच धूळ नाकात जाते. ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही, पण ते काळं पाणी शिशाचं असतं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम फार वाईट होतो. सहकाऱ्याला चार वर्षांची मुलगी आहे. तो मास्क आणि हातमोजे घालून, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून काम करायचा आणि अंगातला शर्ट वेगळा धुवायचा. रीलमधले भाऊ मात्र उघड्या हाताने चाळतात आणि त्याच हाताने कॉफीचा मग उचलतात.

आता वंगण

पोलादी डायमध्ये कोरडं पितळ घातलं तर ते अडकतं. अगदी पक्कं अडकतं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडची डाय मिळते, तिथे वंगणाशिवाय भागतं. रायफलच्या बाटलीसारख्या, मान असलेल्या पुंगळ्यांना मात्र वंगण हवंच. सहकारी लॅनोलिन वापरायचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ, जो हातापायाच्या क्रीममध्येही असतो. एक भाग लॅनोलिन आणि दहा-बारा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, हे मिश्रण फवारायचं आणि अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबायचं. घाई केली तर वंगणाचा थर नीट बसत नाही.

एका संध्याकाळी माझ्याशी गप्पा मारता मारता त्याने फवारा न लागलेली एक पुंगळी डायमध्ये घातली. आत गेली, बाहेर येईना. जोर लावला तर बुडाची कड तुटून हातात आली! मग बुडाला भोक पाडायचं, त्यात आटे पाडायचे, स्क्रू बसवून ओढायचं. तासभर गेला आणि मला दोन शिव्या मिळाल्या.

जास्त वंगणही चालत नाही. ते दाबलं जात नसल्यामुळे पुंगळीच्या खांद्यावर अडकून तिथे खळगे पाडतं. आणि काम झाल्यावर ते पूर्ण पुसून काढायचं असतं, ही पायरी नवखे हमखास विसरतात. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, मागे सरकते आणि बंदुकीच्या बोल्टवरचा जोर वाढतो.

अमोनिया का नको?

पितळ चमकवायच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो. ताण असलेल्या पितळावर तो हळूहळू चिरा पाडतो. हा धडा चक्क भारतातला आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली असायची, आणि वापरायला काढली की पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या दिसायच्या. १९२१ मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि बनवताना पितळात राहिलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. इंग्रजीत याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. उपाय निघाला तो पितळ तापवून ताण घालवण्याचा. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो त्या तापवण्याचाच डाग. बाजारात विकायच्या काडतुसांवरून कंपन्या तो बऱ्याचदा घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला तो मळ वाटतो.