भावातून ओळख, गोष्टीतून ओळख : खान्देश आणि इजिप्तचा शेतकरी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकानं आम्हाला विचारलंच, "सर, जळगावात बसून इजिप्तची उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर २०११ सालात जावं लागेल.

तेव्हा आम्ही नुकतेच निवृत्त झालो होतो. संध्याकाळी फिरायला जाणारी आमची पाच-सहा जणांची टोळी होती. जानेवारीच्या अखेरीस कैरोच्या तहरीर चौकात माणसांचा समुद्र लोटला आणि अठरा दिवसांत होस्नी मुबारक यांची जवळपास तीस वर्षांची सत्ता गेली. टीव्हीवर सगळ्यांनी ते पाहिलं. आमच्या टोळीत एक हायस्कूलचे निवृत्त शिक्षक होते, मूळचे शेतकरी. त्यांनी विचारलं, "सर, हे लोक इतकी वर्षं झोपले होते का? एकदम कसे उठले?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ग्रीक, जर्मन, फ्रेंच, सगळे पालथे घातले. पण इजिप्तच्या माणसाबद्दल आम्हाला काय ठाऊक होतं? पिरॅमिड, क्लिओपात्रा, सुवेझचा कालवा आणि नासर. यातून त्या प्रश्नाला उत्तर निघेना. खरं सांगायचं तर लाज वाटली. मग आम्ही वाचायला बसलो, आणि वाचता वाचता ध्यानात आलं की खान्देशची आणि इजिप्तची ओळख दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहे. फक्त ती माणसांची ओळख नव्हती.

ती ओळख होती कापसाची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वळली ती हिंदुस्थानकडे आणि इजिप्तकडे. आपल्या खान्देशचा कापूस आखूड धाग्याचा. तो सुधारावा म्हणून सरकारनं हिंगणघाटचं बी आणून इथं पेरायला लावलं. तिकडे नाईलच्या खोऱ्यात मोहम्मद अलीच्या काळापासून, म्हणजे १८२० च्या दशकापासून, लांब धाग्याचा कापूस होताच. युद्धाच्या चार वर्षांत इजिप्तची कापूस-निर्यात चौपटीच्या आसपास गेली. आपल्याकडेही कापसाचं सोनं झालं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. तेजीच्या काळात घेतलेलं कर्ज मात्र कोसळत नसतं, ते वाढतच जातं. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्यामागे कारणं अनेक होती, त्यात कापसाची ही मंदीही होती. तिकडे खेदिव इस्माईलनं कर्ज काढून काढून १८७६ पर्यंत देश दिवाळखोरीत नेला. युरोपच्या सावकारांचं मंडळ कैरोत येऊन बसलं आणि १८८२ मध्ये इंग्रजांची फौज उतरली. म्हणजे बघा, एकाच बाजाराच्या दोरीला दोन गावं बांधलेली. इकडचा शेतकरी आणि तिकडचा फल्लाह एकाच वेळी वर चढले आणि एकाच वेळी खाली आपटले. पण दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आमच्या लहानपणी घरातले एक वडीलधारे जिनिंगमध्ये मुनीम होते. ते 'मिसरी कापूस', 'मिसरचा धागा' असं सहज बोलायचे. मिसरचा माणूस कसा असतो, हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही, आम्हालाही नाही.

आता गंमत पाहा. याच १८६० च्या दशकात मराठी वाचकाला कैरो आणि बगदाद भेटत होते, पण कुठं? 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या पुस्तकात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून हा अनुवाद सुरू केला. मराठी गद्याला वळण लावणारं ते पुस्तक आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यातून भेटले ते जिन, जादूचे दिवे, खलिफा आणि व्यापारी. म्हणजे बाजारानं आम्हाला इजिप्तचा भाव सांगितला आणि त्या गोष्टींनी चमत्कार सांगितला. ज्याच्या हाताला कापसाची बोंडं टोचत होती तो माणूस दोन्हींकडून निसटला.

मग दुसऱ्या लोकांना ओळखायचं कसं? याचा धडा आपल्याला दूर शोधायला नको. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी सहा वर्षं शिक्षक होते. १९३० च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथं दक्षिणेकडचे सत्याग्रही भेटले. गुरुजींनी काय केलं? तमिळ शिकायला घेतली आणि 'तिरुक्कुरळ' मराठीत आणलं. नंतर १९३२ मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं लिहून घेतली तीही त्यांनीच. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली, तिचं मूळ त्या तुरुंगातल्या शेजारात आहे असं आम्हाला वाटतं. शेजारचा माणूस आपल्याच कोठडीत आहे, मग त्याची भाषा कळायला नको का? इतका साधा तो विचार. गुरुजींनी तो भारतापुरता मांडला, पण ह्यूगोची कादंबरी 'दुःखी' या नावानं मराठीत आणली तीही त्यांनीच. कोठडी केवढी मोठी धरायची, हे आपल्यावर आहे.

या वाटेनं आम्ही गेलो. सगळं इंग्रजी अनुवादातून वाचलं. त्यातली तीन पुस्तकं सांगतो.

पहिलं, ताहा हुसेन यांचं 'अल्-अय्याम', म्हणजे 'दिवस'. वरच्या इजिप्तमधल्या एका गावातलं बालपण. मुलाचे डोळे आले, काही दिवस कुणी लक्ष दिलं नाही, मग न्हावी बोलावला, त्याच्या उपचारानं दृष्टी गेली. चार वर्षांची धाकटी बहीण अशीच, वेळेवर इलाज न होता गेली, आणि थोरला भाऊ पटकीच्या साथीत गेला. या पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद १९३२ चा. १९३३ च्या फेब्रुवारीत आपल्या नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं गेलं. दोघांनीही 'मी' थोडा बाजूला ठेवला. हुसेन स्वतःला 'तो' म्हणतात, गुरुजींनी 'श्याम' उभा केला. पण फरकही पाहा. गुरुजींच्या आठवणींत कृतज्ञता आहे. हुसेन यांच्याकडे अज्ञानाबद्दलचा राग आहे, थंड आणि जपून ठेवलेला. हाच मुलगा १९५० मध्ये इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला आणि त्यानं माध्यमिक शिक्षण मोफत केलं. तो राग कुठून आला हे कळायला पुस्तकच वाचावं लागतं.

दुसरं, तौफिक अल्-हकीम यांची १९३७ ची कादंबरी, खेड्यात नेमलेल्या एका सरकारी वकिलाची रोजनिशी. कायदा फ्रान्सच्या धर्तीचा, गाव नाईलकाठचं. कालव्यात कपडे धुतले म्हणून शेतकऱ्याला दंड होतो. त्याला कळतच नाही की कपडे धुवायचे नाहीत तर कालवा कशाला आहे. वाचताना आधी हसू येतं, मग येत नाही. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात दिवस काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं, अब्देल रहमान अल्-शर्कावी यांची 'अल्-अर्द', म्हणजे 'जमीन', १९५४ ची. काळ १९३० नंतरचा. सिदकी पाशांनी राज्यघटना रद्द केलेली. गावाला कालव्याचं पाणी दहा दिवस मिळायचं, ते पाचावर आणलं जातं, कारण बड्या पाशाची जमीन भिजायची आहे. वर त्याच्यासाठी शेतकऱ्यांच्या रानातून रस्ता. गाव विरोध करतं, मार खातं, तुरुंगात जातं, आपसात फुटतं, पुन्हा एक होतं. युसुफ शाहीन यांनी यावर चित्रपट काढला. त्याच्या शेवटी म्हाताऱ्या शेतकऱ्याला फरफटत नेतात, आणि तो हातानं धरून ठेवतो ती कापसाची झाडं. ते दृश्य पाहून आम्हाला त्या मुनीमकाकांचा 'मिसरचा धागा' आठवला.

आता थोडी सावधगिरी. तीन पुस्तकं वाचली म्हणजे एक राष्ट्र कळलं असं समजू नये. हे तिन्ही लेखक शहरात शिकलेले, तिकडच्या भाषेत 'एफेंदी', म्हणजे आपल्यासारखे पांढरपेशे. फल्लाह त्यांच्या तोंडून बोलतो. कैरोच्या गल्लीबोळातला माणूस हवा तर नजीब महफूज वाचावे लागतील, त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. शिवाय अनुवाद कुणी केला तेही पाहावं. हकीम यांची ती कादंबरी १९४७ मध्ये इंग्रजीत आणणारे ऑब्री इबन पुढे अब्बा इबन या नावानं इस्रायलचे परराष्ट्रमंत्री झाले. ज्या दोन देशांत पुढे युद्धं झाली, त्यांपैकी एकाच्या मंत्र्यानं दुसऱ्याच्या खेड्याचं दुःख एके काळी शब्दाशब्दानं वाचलं होतं. तरी युद्ध टळलं नाही. अनुवादाकडून किती अपेक्षा करायची, त्याचीही ही मर्यादा आहे.

आणखी एक गोष्ट. आम्ही जे वाचलं ते इंग्रजीतून. पण हक्क, कर्ज, जप्ती, वकील, हिशेब, महसूल, खरीप, रब्बी हे आपले रोजचे शब्द मूळचे अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले. इजिप्तच्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं इंग्रजीत जाऊन परकं होतं. थेट मराठीत आलं तर त्यातले निम्मे शब्द स्वतःच्याच घरी आल्यासारखे होतील. कुणा तरुणानं अरबी शिकून हे काम हाती घ्यावं अशी आमची फार इच्छा आहे.

आणि उलट बाजूनं विचार करा. कैरोतल्या वाचकाला खान्देश कसा कळावा? कापसाच्या भावातून? आपल्याकडे बहिणाबाई चौधरी आहेत. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नसलेली शेतकरी बाई. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपानं आली. तिथं शेतकरी एफेंदीच्या तोंडून बोलत नाही, स्वतः बोलतो. हे धन लेवा बोलीत आहे. ती बोली आपल्याच मुलांना वर्गात बोलायला लाज वाटावी असं वातावरण आम्ही शिकल्या-सवरल्या लोकांनी केलं, हेही इथं कबूल केलं पाहिजे. आधी आपण ती बोली नीट ऐकली, तर पुढे कुणी अरबीत नेईल.

शेवटी त्या शिक्षक मित्रांचा प्रश्न. इजिप्तचे लोक झोपले होते का? १८८२ आधीचा उराबीचा उठाव, १९०६ मध्ये दिनशवाई गावात फासावर गेलेले चार शेतकरी, १९१९ ची क्रांती, ही सगळी नावं आम्हाला नंतर कळली. पण उत्तर म्हणून आम्ही त्यांना इतिहासाचं पुस्तक दिलं नाही, शर्कावींची कादंबरी दिली. पंधरा दिवसांनी त्यांनी ती परत आणली. इजिप्तबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. गिरणेच्या पाटावर त्यांचं शेत अगदी टोकाला आहे. आवर्तन सुटलं की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचेतो काय काय होतं, रात्री कंदील घेऊन कोण कोण बांधावर बसायचं, कुणाशी भांडण झालं आणि पुढे त्याच्याशीच सोयरीक कशी झाली, हे ते तासभर सांगत राहिले. उठताना म्हणाले, "सर, झोपलेले नव्हते हो. पाण्याची वाट बघत जागेच होते."

आम्ही इथेच थांबतो.