हाताचें कसब आणि कागदाची साक्ष: शहापूर-मुरबाडच्या श्रमशिक्षणाचा इतिहास

महोत्सवाच्या अंकांत मागील वर्षांचा हिशेब मांडावा, अशी आपल्याकडे रीत आहे. देवळाची कोनशिला केव्हां बसली, घंटा कोणीं दिली, शाळा केव्हां सुरू झाली, हें सर्व वाचकांस वाचावयास आवडतें, आणि तें योग्यच आहे. परंतु गांवाची खरी मिळकत म्हणजे त्याचीं माणसें, आणि माणसांची मिळकत म्हणजे त्यांच्या हातांतील कसब. शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांत ह्या कसबाची काय कथा झाली, आणि पुढच्या पिढीस कोणत्या शिक्षणाची गरज आहे, ह्याचा विचार आम्ही येथें इतिहासाच्या आधारानें करणार आहों.

आगगाडी १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आली, १८५५ सालीं वाशिंदला पोहोंचली, १८६१ सालीं तिनें कसारा गांठला, आणि १८६५ च्या १ जानेवारीस ती थळ घाट चढून इगतपुरीस गेली. मुरबाडच्या वांट्यास रूळ आले नाहींत. त्याचा व्यवहार कल्याणच्या सडकेनें व माळशेज घाटानें चालत आला. पुढें १८९२ सालीं तानसाचें धरण झालें, आणि कालांतरानें भातसाचें. आज मुंबईकर जें पाणी पितो, त्याचा फार मोठा भाग शहापूर तालुक्यांतून जातो. हीं कामें थोर खरींच. घाटाच्या मार्गाचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले ह्यांचें नांव इतिहासांत राहिलें. डोक्यावर पाटी वाहणाऱ्याचें नांव कोणी लिहून ठेविलें नाहीं. काम आमच्या भूमीवर, विद्या बहुधा बाहेरची, आणि येथील माणसाच्या हातीं घमेलें, हा क्रम तेव्हांपासून पडला.

ह्याचा अर्थ येथील माणसास कसब नव्हतें, असा मात्र नव्हे. खैराच्या लांकडापासून कात काढण्याची विद्या कातकऱ्यांची. त्यांचें नांवच तिच्यावरून पडलें. ठाकूर, महादेव कोळी, वारली ह्यांस बांबूचें काम, भाताची शेती, रानांतील औषधी, पाण्याच्या जागा ह्यांचें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु १८७८ च्या वन कायद्यापासून जंगलें राखीव होत गेलीं आणि ह्या विद्येचें पोट भरण्याचें साधन आटत गेलें. मग आली वीटभट्टी. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो तेव्हां उचल घ्यावयाची, आणि दिवाळी होतांच बायकामुलांसह कल्याण, भिवंडी, वसईकडील भट्ट्यांवर ती फेडावयास जावयाचें, हा फेरा पिढ्यांचा झाला. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली. तरी उचल राहिली. भट्टीवरील मुलाचें नांव शाळेच्या पटावर असतें आणि मूल विटांच्या रांगांत असतें.

आतां शिक्षणाकडे वळूं. व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्या स्मरणार्थ १८८७ सालीं मुंबईंत एक तंत्रशाळा निघाली. तीच आजची वीरमाता जिजाबाई तंत्रसंस्था होय. महोत्सवाचें स्मारक केवळ पुतळ्यानें होतें असें नाहीं, तें कार्यशाळेनेंही होतें, ही गोष्ट प्रस्तुत प्रसंगीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं केंद्र सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली. आज ज्यास आपण आयटीआय म्हणतों त्या संस्था तींतूनच वाढल्या. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें मुरबाडास औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखाना दारीं आला. परंतु आंत जाण्यास प्रमाणपत्र लागे, प्रमाणपत्रास आयटीआय, आणि आयटीआयच्या बहुतेक व्यवसायांस दहावीची पायरी. जो मुलगा दर दिवाळीस भट्टीवर जातो, त्याची शिडी पहिल्याच पायरीस मोडलेली असे.

अशा मुलांकरितां कोठें कांहीं झालें आहे काय? झालें आहे. अमेरिकेंत जोलिएट गांवीं १९०१ सालीं दोन वर्षांचें एक लहान महाविद्यालय निघालें. त्या जातीच्या संस्था पुढें ‘कम्युनिटी कॉलेज’, म्हणजे समुदाय महाविद्यालय, ह्या नांवानें देशभर पसरल्या. आपल्या देशांत १९९५ सालीं पाँडिचेरी विद्यापीठानें व १९९६ सालीं मद्रास-मैलापूरच्या आर्चडायोसीजनें अशीं महाविद्यालयें काढलीं. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स ह्यांनीं ह्या चळवळीस पुढें देशव्यापी रूप दिलें. तिचा गाभा साधा आहे. शाळा सोडलेल्यासही प्रवेश. एक व्यवसाय हातीं बसेपर्यंत शिक्षण. बोलणें, हिशेब, वेळ पाळणें, आरोग्य असे जीवनोपयोगी विषय. आणि प्रत्यक्ष कारखान्यांत किंवा रुग्णालयांत उमेदवारी. विद्यापीठ अनुदान आयोगानेंही पुढें ही योजना स्वीकारली.

महाराष्ट्रांतील उदाहरण पाहावयाचें तर पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचें. तो डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं स्थापिला. तेथें शाळा सुटलेलीं मुलें एक वर्ष राहून लोखंडकाम व बांधकाम, वीज, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य हे विषय प्रत्यक्ष काम करून शिकतात. अभ्यास गांवाच्या गरजेंतून निघतो, हें त्या पद्धतीचें मर्म आहे. आणि ठाणें जिल्ह्यांत विधायक संसद ह्या संस्थेनें भट्टीवरील मुलांसाठीं ‘भोंगाशाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराचें खोपटें. मूल शाळेंत येत नाहीं म्हणून शाळाच मुलाकडे गेली. आमच्या मतें ह्या दोन उदाहरणांत आमच्या तालुक्यांचें उत्तर आहे.

कारण काळ थांबलेला नाहीं. भिवंडीच्या बाजूस गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि तो शहापूर तालुक्यांतून जातो. ह्याच कामावर १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे सरलांबे येथें तुळया उचलणारें अवजड यंत्र कोसळून वीस जण मृत्युमुखीं पडले. यंत्राजवळ उभें राहणाऱ्या प्रत्येक माणसास सुरक्षेचें ज्ञान मिळणें हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हें त्या पहाटेनें सर्वांस सांगितलें. यापुढें येथें विजेचीं वाहनें व सौर पंप दुरुस्त करणारे, गोदामांतील यंत्रें चालविणारे, वृद्धांची शुश्रूषा जाणणारे हात लागतील. ते हात आमचे असतील, कीं घमेलें पुन्हां आमचेंच राहील?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नव्हे. श्रीमंताच्या मुलास विद्यापीठ आणि आदिवासीच्या मुलास हातोडा, हा न्याय कसला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, जें व्यवसायशिक्षण वर जाण्याचें दार बंद करतें, तें खरोखरच अन्याय्य आहे. म्हणून प्रमाणपत्रावरून पदविकेस, पदविकेवरून पदवीस जातां आलें पाहिजे. २०१४ सालीं सुरू झालेली व्यवसाय-पदवीची योजना ह्याच हेतूची आहे. ज्यास पुढें शिकावयाचें नाहीं त्यास कामावर लागतां यावें, आणि ज्यास शिकावयाचें आहे त्यास अडवूं नये.

ह्या तालुक्यांत असें महाविद्यालय चालवावयाचें तर तीन गोष्टी पाळाव्या लागतील. पहिली, त्याचें वर्ष दिवाळी आणि पाऊस पाहून आंखावें, म्हणजे स्थलांतरित कुटुंबांतील मुलगा मध्येंच गळणार नाहीं. आणि उचलीची गरज पडूं नये म्हणून शिकतांना कांहीं विद्यावेतन असावें. दुसरी, नोकरी देणाऱ्यांशीं आधीं बोलणें करून मग वर्ग काढावा. जेथें मागणी नाहीं त्या व्यवसायाचें प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद. तिसरी, जें कसब आधींच हातांत आहे तें तपासून त्यास मान्यता द्यावी. पंधरा वर्षें गवंड्याच्या हाताखालीं राबलेल्यास भिंत बांधतां येते. त्याच्याजवळ नाहीं ती केवळ कागदाची साक्ष. पूर्वीं मिळविलेल्या कसबास प्रमाणपत्र देण्याची तरतूद आजच्या सरकारी योजनांत आहे. तिचा लाभ पाड्यापाड्यांतून मिळवून देणें हें शिक्षित मंडळींचें काम आहे.

वाचकहो, दीडशेंहून अधिक वर्षें ह्या डोंगरांतून रूळ गेले, पाणी गेलें, सडका गेल्या. त्या सर्वांनीं दुसऱ्यांस पुढें नेलें. अशा शाळेच्या यशाची कसोटी आमच्या मतें एकच. तिनें किती प्रमाणपत्रें वांटलीं हें विचारूं नये. दिवाळीनंतर किती घरांचीं कुलपें उघडीं राहिलीं, आणि त्या घरांतील किती मुलें भट्टीची वाट न धरतां आपल्या गांवच्या वाटेनें कामास व शाळेस गेलीं, तें मोजावें.