लेकराच्या पावलानं: आपल्या खोऱ्यांतल्या चालण्याचा इतिहास



आजचा विषय कळला तेव्हा एका स्नेह्यानं विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. पोराबाळांना घेऊन डोंगरात फिरायला जाणं, ह्यात इतिहास कसला आला?"

प्रश्न रास्त आहे. मराठी माणसाला डोंगर म्हटलं की सह्याद्री आठवतो, गडकिल्ले आठवतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात ना रायगड, ना कळसूबाई. आपले डोंगर बुटके, पसरट, काळ्या कातळाचे. पण त्यांच्यामधून कयाधू, पूर्णा, पैनगंगा ह्यांची खोरी गेली आहेत. आणि माझं म्हणणं असं आहे, की शिखरावर एखादा धट्टाकट्टा माणूस कुठल्याही काळात चढू शकतो. पण एखाद्या खोऱ्यातून आजी, सून आणि चार वर्षांचं लेकरू बिनघोर चालू शकतात का, हे त्या काळावर अवलंबून असतं. म्हणून कुटुंबाच्या चालण्याचा इतिहास हा समाजाच्या निर्भयतेचा इतिहास आहे. कसा, ते पाहू.

सुरुवात जरा लांबून करतो. २६ एप्रिल १३३६ ह्या दिवशी इटालियन कवी पेत्रार्क फ्रान्समधला व्हाँतू नावाचा डोंगर चढला. युरोपात निव्वळ पाहण्याच्या हौसेनं डोंगर चढण्याची सुरुवात ह्या दिवसापासून सांगण्याची पद्धत आहे. सोबत कोणाला न्यावं ह्याचा त्यानं पुष्कळ विचार केला. एक मित्र फार बोलका, दुसरा फार मंद, असं करत करत शेवटी धाकट्या भावाला नेलं. म्हणजे बघा, ती सहलही घरगुतीच होती! भाऊ सरळ चढत गेला. पेत्रार्क मात्र सोपी वाट शोधत पुन्हा पुन्हा खाली दरीत उतरायचा आणि मग स्वतःला दोष द्यायचा. माथ्यावर पोचल्यावर त्यानं संत ऑगस्टिनचं पुस्तक उघडलं आणि त्याच्या मनात आलं, की डोंगर पाहायला आलो, पण स्वतःकडे पाहायचं राहूनच गेलं. उतरताना तो कोणाशी बोलला नाही.

आता त्याच काळात आपल्याकडे या. परंपरेनं नामदेवांचा काळ १२७० ते १३५० धरतात आणि जन्मगाव म्हणून आपल्या नरसीचं नाव घेतात. पेत्रार्क डोंगर चढत होता तेव्हा नामदेव हयात होते, असं ह्या हिशेबानं म्हणता येईल. त्यांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. गुरू शोधत ते औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. औंढा नागनाथाचं देऊळ डोंगरांच्या कुशीत आहे, आणि मूळ लिंग पाहायचं तर अरुंद पायऱ्यांनी आणखी खाली, तळघरासारख्या गाभाऱ्यात वाकून उतरावं लागतं. पेत्रार्क उंचावर जाऊन जे शिकला, ते नामदेव खोलात उतरून शिकले. दोघांचा धडा एकच, पण वाटेचा फरक मोठा आहे. खाली उतरायच्या वाटेवर म्हातारंकोतारंही येऊ शकतं.

आणि ती येत राहिली. आजही शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे निघते, ती पानकनेरगावला आपल्या जिल्ह्यात शिरते आणि सेनगाव, नरसी, औंढा करत पुढे परभणीकडे जाते. दिंडी म्हणजे भक्ती, हे खरंच. पण दिंडी म्हणजे सोबतही. एकट्यादुकट्यानं चालण्यात जिवाला धोका होता.

धोका किती होता? हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती. तिथं अधिकारी म्हणून राहिलेला मेडोज टेलर, त्याचं 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' हे पुस्तक १८३९ साली आलं. छावणीशी व्यवहार करणारा एक प्रतिष्ठित व्यापारी प्रत्यक्षात ठगांचा म्होरक्या निघाला, ही हकीकत त्याच्या प्रस्तावनेत आहे. ठगांची रीत ठाऊक आहे ना? ते वाटसरूंना गाठायचे आणि म्हणायचे, रस्ता वाईट आहे, आपण मिळून जाऊ. विश्वास बसला की रुमालानं गळा आवळायचा. म्हणजे ज्या सोबतीच्या भरवशावर माणूस घर सोडायचा, तीच सोबत जीव घ्यायची! अशा मुलखात लेकराबाळांना घेऊन मौजेखातर कोण निघेल?

ठग गेले, पण भीती गेली नाही. इथं थोडं घरचं सांगतो.

१९४८ साली, रझाकारांच्या काळात, मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे भारत. आमचं गाव कयाधूच्या काठी. माझा जन्म १९५१ चा, म्हणून मी ते पाहिलं नाही. पण आईनं थोरल्या भावाला कडेवर घेऊन दोन रात्री चालत पैनगंगा गाठली होती. दिवसा नाल्यात लपायचं, अंधार पडला की निघायचं. भाऊ रडू नये म्हणून त्याच्या तोंडात सारखा गूळ द्यायची. १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झालं, मग ती परतली.

पुढे मी सात-आठ वर्षांचा असताना महाशिवरात्रीला आम्ही चालत औंढ्याला जायचो. पहाटे निघायचं. फडक्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी. डोंगरउतारावर पळस पेटलेला असायचा. आम्ही पोरं दमून गप्प झालो, की आई म्हणायची, "बोला रे लेकरांनो, मोठ्यानं बोला. आता कोणाचं भेव नाही." तेव्हा वाटायचं, आई आम्हाला रमवतेय. फार उशिरा उमगलं, की ज्या खोऱ्यातून ती एकदा मुकाट्यानं गेली होती, तिथं तिला लेकरांचा आवाज ऐकायचा होता. स्वातंत्र्य ह्या विषयावर मी तीस वर्षं शिकवलं, पण ह्याहून चांगली व्याख्या मला सापडली नाही.

इथंच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण खरं सांगायला हवं. आमच्याबरोबर आमच्या सालगड्याची बायको यायची, तिची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही एकत्र चालायचो, एकत्र बोरं वेचायचो. शिदोरी सुटली की त्या दोघी बाजूला बसायच्या. आणि पाणी माझी तीच आई त्यांच्या ओंजळीत वरून ओतायची. अस्पृश्यताविरोधी कायदा १९५५ मध्येच झाला होता. आमच्या घागरीपर्यंत तो पोचला नव्हता. वाट सगळ्यांची होती, पाणी नव्हतं. मी काही बोललो नाही. लहान होतो हे खरं, पण मोठा झाल्यावरही आईला कधी विचारलं नाही.

म्हणून मी म्हणतो, मंडळी, कुटुंबाच्या सहलीकडे किरकोळ म्हणून पाहू नका. तिच्यासाठी निर्भय वाट लागते, मोकळा दिवस लागतो, पाणी लागतं, आणि ते पाणी सगळ्यांचं असावं लागतं. १८९५ साली व्हिएन्नात कामगारांनी 'निसर्गमित्र' संघटना उभी केली, ती ह्याच मोकळ्या दिवसासाठी. डोंगर ही श्रीमंतांची मिरास नाही, रविवारी मजूरही बायकोमुलांसह तिथं जाईल, हा तिचा आग्रह होता.

आज आपल्याकडे काय आहे? सुट्टी आहे, भीती पुष्कळ कमी झाली आहे. पण पायवाटा मोडत चालल्या. पूर्णेच्या काठच्या कितीतरी वाटा सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांच्या पाण्याखाली गेल्या. ते पाणी शेताला हवंच होतं, तक्रार नाही. उरलेल्या वाटा मात्र आपण न चालल्यानं बुजतायत. औंढ्याला आपण गाडीनं जातो, दर्शन घेतो आणि परत येतो.

मीही शहाणा नव्हे. काही वर्षांपूर्वी नातवंडांना हौसेनं डोंगरात नेलं ते चैत्रात, तेही दहा वाजल्यानंतर! ओढा कोरडा, पाणी संपलं, धाकटी नात उन्हानं हिरमुसली. तिला उचलून परत आणताना माझी छाती भरून आली होती. तेव्हापासून आमचा नेम ठरला. पौष-माघात जायचं, उजाडताच निघायचं, माणशी दोन लिटर पाणी घ्यायचं, आणि सगळ्यांनी चालायचं ते सर्वांत लहान लेकराच्या पावलानं.

गेल्या माघात पुन्हा गेलो. बरोबर शेजारची दोन कुटुंबं होती. आमच्यात कोण कुठल्या वस्तीतलं, हे मुलांना ठाऊकही नव्हतं. एकच बाटली सात तोंडांना लागून माझ्याकडे परत आली. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही का गप्प?"

मी म्हटलं, "तुम्ही बोला गं. मोठ्यानं बोला."